ऑनलाईन मानसोपचार आणि उद्याचे समुपदेशक

(सुवर्ण महोत्सवानिमित्त भुशी येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भुशी हे नाव आज महाराष्ट्राला धरणामुळे परिचित आहे. एकोणिसाव्या शतकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून हा बांध घातला. इंजिने गेली, पाणी राहिले, आणि त्या पाण्यामागोमाग दर पावसाळ्यात माणसांची रीघ लागली. ३० जून २०२४ रोजी, रविवारी, धरणाच्या मागील बाजूच्या धबधब्यात पुण्याहून आलेल्या एका कुटुंबातील पाच जण, एक महिला आणि चार लहान मुले, पाहता पाहता वाहून गेले. काठावरील लोकांनी ते डोळ्यांनी पाहिले आणि मोबाईलवर टिपलेले ते दृश्य साऱ्या देशाने पाहिले. शोधासाठी लोणावळ्याच्या 'शिवदुर्ग मित्र' पथकाचे तरुण, नौदलाचे जवान व पोलीस पाण्यात उतरले.

अशा प्रसंगी रुग्णवाहिका येते, पंचनामा होतो, फलक लागतात, बंदीचे आदेश निघतात. हे सर्व आवश्यकच आहे. परंतु ज्यांनी ते पाहिले, ज्यांचा हात थोडक्यात निसटला, ज्या घरातील माणसे परतली नाहीत, त्यांच्या मनाचे काय? शरीराची जखम त्याच दिवशी दिसते. मनाची जखम पुष्कळदा तीन-चार आठवड्यांनी डोके वर काढते. झोप उडते, पाण्याचा आवाज सोसवत नाही, माणूस कामावर जातो पण तेथे नसतो. अशा माणसाने भुशीहून कोठे जावे? पुणे सुमारे ६५ किलोमीटर आहे. लोकलने जाणे, रांगेत थांबणे आणि परत येणे यात अख्खा दिवस आणि त्या दिवसाची कमाई जाते. एकदा कोणी जाईलही. परंतु मानसोपचार एका भेटीत होत नाही. सहा, आठ, दहा भेटी लागतात. तिसऱ्या भेटीला गाडी चुकते आणि उपचार तेथेच थांबतो.

यात आणखी एक अडचण आहे आणि ती व्यापारी समाजात सर्वांना ठाऊक असूनही कोणी मोठ्याने बोलत नाही. लहान गावात मनोविकारतज्ज्ञाच्या दवाखान्याबाहेर कोणाची स्कूटर उभी होती हे संध्याकाळपर्यंत बाजारपेठेला कळते. घरात लग्नाचा मुलगा किंवा मुलगी असेल तर सोयरिकीच्या वेळी ती स्कूटर आठवते. म्हणून मुलाचे नैराश्य 'अशक्तपणा' होते, सुनेची घाबरगुंडी 'बाहेरची बाधा' होते, आणि ज्या आजारावर वेळीच बोलण्याने उतार पडला असता तो दहा वर्षे घरात मुक्काम करतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने दाखवून दिले की देशात सुमारे दर दहा प्रौढांमागे एकाला त्या काळात कोणता ना कोणता मानसिक विकार होता आणि त्यांपैकी बहुसंख्यांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते.

तेव्हा भुशीसारख्या ठिकाणी समुपदेशक येईल तो बहुधा फोनवरून किंवा पडद्यावरूनच येईल. प्रश्न तो यावा की न यावा हा उरलेला नाही. त्या पलीकडच्या टोकाला जो बसलेला असेल त्याला हे काम कोणी शिकविले आहे काय, हा खरा प्रश्न आहे. बहुतेक वेळा तो पंचवीस वर्षांचा, नुकताच एम.ए. झालेला तरुण किंवा तरुणी असते. आणि तिला महाविद्यालयात जे शिकविले गेले ते दोन खुर्च्या समोरासमोर मांडून.

दुरून धीर देणे ही काही कालपरवाची गोष्ट नव्हे. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकाने १९२७ ते १९५३ या काळात, घरात ज्यांचा उच्चारही अशक्य होता अशा खाजगी प्रश्नांना छापील उत्तरे दिली. त्यांची सर्व मते आपल्यापैकी पुष्कळांना पटणार नाहीत, तो विषय वेगळा. पण अनोळखी माणसाला पत्र लिहिताना मराठी माणूस जितका मोकळा झाला तितका समोर बसून झाला नसता, हे त्या मासिकाने दाखविले. १९५३ साली लंडनमध्ये चाड व्हारा या धर्मोपदेशकाने आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी दूरध्वनी सेवा सुरू केली, तीच पुढे 'समॅरिटन्स' म्हणून प्रसिद्ध झाली. १९५९ मध्ये अमेरिकेतील नेब्रास्का येथे दुतर्फा दूरचित्रवाणीवरून गटोपचाराचा प्रयोग झाला आणि विशेष म्हणजे तीच यंत्रणा वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकविण्यासाठीही वापरली गेली. उपचार आणि अध्यापन तेथे आरंभापासून हातात हात घालून चालले.

आपल्याकडे ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये स्थापन केलेल्या 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ'ची 'मैत्र' ही दूरध्वनी सेवा, पुण्यात २००५ पासून कार्यरत असलेली 'कनेक्टिंग' संस्था, आणि मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने २०१२ मध्ये आरंभिलेली 'आयकॉल' ही सेवा, यांनी पाया घातला. 'आयकॉल'चे वैशिष्ट्य असे की ती विद्यापीठाच्या अंगणातच वाढली. फोनवर आणि ई-मेलवर बोलणारे समुपदेशक पदव्युत्तर शिक्षण घेतलेले आणि त्यांच्या पाठीशी अनुभवी मार्गदर्शक. शिक्षण व सेवा यांना असे एकत्र नांदविणारी उदाहरणे मात्र थोडी. मानसशास्त्राच्या बहुतांश विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकात फोनला स्थान नव्हते.

मग मार्च २०२० उजाडला. टाळेबंदीत रुग्णालये, शाळा, समुपदेशन केंद्रे सारी विद्यार्थ्यांना बंद झाली आणि मदत मागणारे तर दसपटीने वाढल्यासारखे वाटू लागले. २५ मार्च २०२० रोजी केंद्र शासनाने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, परंतु ती नोंदणीकृत डॉक्टरांसाठी होती. मानसशास्त्रज्ञांकरिता बंगळूरच्या 'निमहान्स'ने त्याच वर्षी दूरस्थ मानसोपचाराचे मार्गदर्शन प्रसिद्ध केले. दरम्यान असंख्य तरुण समुपदेशक कोणत्याही पूर्वतयारीशिवाय लॅपटॉपपुढे बसले होते. पोहायला न शिकविता पाण्यात ढकलावे तसे ते झाले. कित्येक जण तरले, हे त्यांचे कर्तृत्व. पण किती रुग्ण मध्येच सुटले याचा हिशेब कोणाच्या वहीत नाही. पुढे १० ऑक्टोबर २०२२ रोजी 'टेली-मानस' ही शासकीय सेवा सुरू झाली. १४४१६ हा तिचा क्रमांक चोवीस तास चालू असतो, विनामूल्य आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते. २०२५ पर्यंत २० लाखांहून अधिक दूरध्वनी तिने हाताळले. हा क्रमांक प्रत्येकाने आपल्या दुकानातील गल्ल्याशेजारी लिहून ठेवण्याजोगा आहे.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. समोरासमोर उपचार करता आला की पडद्यावर करता येतोच, ही समजूत चुकीची आहे. कापडाच्या धंद्यातील कोणीही सांगेल की तागा हातात घेऊन दोन बोटांत चोळल्याशिवाय पोत कळत नाही. फोटोत सुती आणि मिश्र कापड सारखेच दिसते. मानसोपचारातही तसेच आहे. समोर बसलेल्या माणसाच्या पायाची हालचाल, हातरुमालाची केलेली घडी, अत्तराआडून येणारा दारूचा वास, यांतून अनुभवी समुपदेशकाला जे कळते ते पडद्याच्या चौकटीत मावत नाही. तेथे चेहरा व खांदे एवढेच दिसतात. म्हणून जे दिसत नाही ते विचारून घेण्याची सवय लावावी लागते: हात आता कसे आहेत, श्वास कसा चालला आहे, बसल्या जागी थंडी वाजते का. हे प्रश्न साधे वाटतात. पण योग्य क्षणी, समोरच्याला चौकशी न वाटेल अशा सुरात विचारणे हे शिकूनच येते.

शांततेचे पाहा. समोरासमोर बसल्यावर दोन मिनिटांची शांतता हे समुपदेशकाचे मोठे साधन असते. माणूस आतल्या आत काहीतरी उचलून आणत असतो. फोनवर वीस सेकंद आवाज आला नाही की नवखा विद्यार्थी "हॅलो, हॅलो, आवाज येतोय का?" करू लागतो आणि वर येऊ घातलेले ते पुन्हा तळाशी जाते. भुशीच्या पावसात तर रेंज गेली की माणूस गप्प झाला, हेच कळत नाही. यासाठी पहिल्याच भेटीत ठरवून घ्यायचे असते की फोन तुटला तर परत कोण करणार, किती वेळाने करणार, आणि लागलाच नाही तर दुसरा क्रमांक कोणता. अन्यथा आपले सर्वांत लाजिरवाणे दुःख उघड केल्याच्या क्षणी फोन तुटतो आणि त्या बाईला वाटते, ऐकून यांनी ठेवून दिला. अशी बाई दुसऱ्यांदा फोन करीत नाही.

सर्वांत अवघड प्रश्न आडोशाचा. शहरातील पाठ्यपुस्तक गृहीत धरते की प्रत्येकाला स्वतंत्र खोली आहे. मावळातील दोन खोल्यांच्या घरात स्वयंपाकघरात सासूबाई, बाहेर टीव्ही, मध्ये पडदा. समजा, एखादी सून फोनवर बोलत आहे. विद्यार्थिनीने विचारले, "घरात कोणी त्रास देते का?" आणि फोन स्पीकरवर असेल, तर त्या एका प्रश्नाने उपकाराऐवजी अनर्थ होईल. म्हणून प्रशिक्षणात शिकवावे लागते की पहिला प्रश्न "आता जवळ कोणी आहे का, फक्त हो किंवा नाही म्हणा" हा असतो. कोणी खोलीत आले तर विषय बदलण्यासाठी एखादा साधा शब्द आधीच ठरवावा, 'गिरणीतून दळण आणायचे आहे' म्हटले की समुपदेशकाने हवापाण्यावर यावे. नवऱ्याच्या हातात जिचा फोन असतो तिला लेखी निरोप पाठवू नये. या गोष्टी कोणत्याही परदेशी पुस्तकातून जशाच्या तशा उचलता येणार नाहीत. त्या येथील घरे पाहूनच लिहाव्या लागतील.

आणि संकटाची घडी. समोर बसलेल्या माणसाने जगणे नकोसे झाल्याचे सांगितले तर समुपदेशक उठून दार लावू शकतो, घरच्यांना बोलावू शकतो, सोबत रुग्णालयात जाऊ शकतो. पडद्यापलीकडच्या माणसाबाबत विद्यार्थ्याला तो या क्षणी कोठे आहे हेसुद्धा माहीत नसते. नोंदीत पत्ता पुण्याचा, आणि माणूस बसलेला धरणाच्या वाटेवर. म्हणून प्रत्येक संभाषणाच्या आरंभी, ओशाळे न होता, आजचे ठिकाण विचारायचे. जवळच्या एका विश्वासू माणसाचा क्रमांक पूर्वसंमतीने घेऊन ठेवायचा. ११२ वर काय सांगायचे याचा सराव करायचा. आणि एका यंत्रावर त्या माणसाशी बोलत राहून दुसऱ्यावरून मदत बोलवायची. अग्निशमन दलाचा जवान हौदाशी सराव करतो तसा हा सराव वर्गात व्हायला हवा. पहिल्यांदाच हे करण्याची पाळी रात्री साडेअकराला, एकट्याने, आपल्या भाड्याच्या खोलीत येणे, हा त्या विद्यार्थ्यावरही अन्याय आहे.

हा सराव करवून घेण्यात मात्र पडद्याचा मोठा फायदा आहे. पारंपरिक शिक्षणात बंद दाराआड काय घडले ते शिक्षकाला विद्यार्थ्याच्या तोंडूनच कळते, आणि कोणताही विद्यार्थी आपल्या चुका पूर्ण सांगत नाही. गोव्यात १९९६ पासून काम करणाऱ्या 'संगत' संस्थेने याबाबत एक नमुना घालून दिला. डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक व्यक्तींना नैराश्यावरील सहा ते आठ भेटींचा उपचार शिकविला आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत त्याची रीतसर चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यातील मर्माची बाब अशी की रुग्णाच्या संमतीने भेटींचे ध्वनिमुद्रण होई, आणि समुपदेशक एकत्र बसून ते ऐकत, ठराविक कसोट्यांवर एकमेकांना गुण देत. अमुक ठिकाणी तू घाई केलीस, हे सहकाऱ्याने टेप थांबवून दाखविले की ते विसरले जात नाही. ऑनलाईन उपचारात हे ध्वनिमुद्रण सहज शक्य असते, आणि अनुभवी मार्गदर्शक पुण्यात किंवा ठाण्यात बसूनही लोणावळ्याच्या विद्यार्थ्याचे काम ऐकू शकतो. मेलबर्नच्या स्विनबर्न विद्यापीठाने २००९ मध्ये चिंताविकारांसाठी इंटरनेटवरील सेवा सुरू केली तेव्हा मानसशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाच देखरेखीखाली रुग्णांना लेखी उत्तरे देण्याचे काम दिले. लेखी उत्तर पाठविण्यापूर्वी वाचून सुधारता येते. तोंडून गेलेला शब्द परत घेता येत नाही. ज्याचे ध्वनिमुद्रण होते त्याला ते का होते, कोण ऐकणार, केव्हा पुसले जाणार, हे मातृभाषेत सांगून त्याचा होकार घेणे मात्र बंधनकारक मानले पाहिजे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे.

येथे एक विसंगती कोणाच्याही मनात येईल. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ व ऑनलाईन अभ्यासक्रम बंद केले. एकीकडे शिकणे ऑनलाईन नको, आणि दुसरीकडे उपचार ऑनलाईन शिकवा, हे कसे? विचार केला तर यात विरोध नाही. घरी बसून, एकाही रुग्णाला न पाहता मिळविलेली पदवी धोकादायक आहे, म्हणून आयोगाचा निर्णय योग्यच म्हणावा लागेल. दूरवरच्या माणसाची नाडी ओळखायची असेल तर आधी जवळच्या शंभर जणांची पाहिलेली हवी. विद्यार्थी प्रथम वर्गात, वॉर्डात, समोरासमोर तयार व्हावा, आणि मगच त्याच्या प्रात्यक्षिकाच्या तासांतील एक निश्चित हिस्सा फोन व पडद्यासाठी राखावा. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिक कायद्याने समुपदेशकांच्या शिक्षणाला व नोंदणीला प्रथमच चौकट देऊ केली आहे. अभ्यासक्रम ठरविणाऱ्यांपुढे ही वेळ चालून आलेली आहे.

परिणामकारकतेची शंकाही रास्त आहे. मार्गदर्शकाच्या साथीने इंटरनेटवर दिलेला वर्तनोपचार आणि समोरासमोरचा तोच उपचार यांची तुलना करणाऱ्या २० अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात दोन्हींचा गुण जवळपास सारखा आढळला. ते अभ्यास सधन, सुशिक्षित देशांतले आहेत हे विसरून चालणार नाही. शिवाय तीव्र मनोविकार, अगदी लहान मुले, घरातच हिंसा असणारे, यांना पडद्यावर विसंबून ठेवता येत नाही. कोणाला नाही म्हणायचे आणि कोठे पाठवायचे, हेही शिक्षणाचेच अंग आहे. आपल्यासारख्या लहान समाजात तर फोन उचलणारी विद्यार्थिनी नात्यातलीच निघण्याची शक्यता असते. तेव्हा तिने आवाज ओळखताच ते काम दुसऱ्याकडे सोपवावे आणि घरी जेवताना त्याचा उल्लेखही करू नये.

अलीकडे तरुण मंडळी आपली दुःखे माणसाऐवजी संगणकालाच सांगू लागली आहेत. १९६६ साली जोसेफ वायझेनबॉम या शास्त्रज्ञाने 'एलायझा' नावाचा संभाषण करणारा साधा प्रोग्रॅम लिहिला. त्याच्या स्वतःच्या सेक्रेटरीने, हा प्रोग्रॅम कसा चालतो हे माहीत असूनही, थोड्या वेळाने त्यालाच खोलीबाहेर जायला सांगितले. तिला एकान्त हवा होता. ऐकणारे कोणी असावे ही भूक इतकी मोठी आहे. अमेरिकेतील इलिनॉय राज्याने २०२५ मध्ये यंत्राकडून मानसोपचार देण्यावर कायद्याने बंदी घातली, पण नुसत्या बंदीने ती भूक शमत नाही. ऐकणारी माणसे तयार करावी लागतात.

भुशी-लोणावळ्यात यासाठी काय करता येईल? लोणावळ्याला हे वावडे नाही. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी येथेच कैवल्यधाम स्थापून योगाला प्रयोगशाळेत नेले. विश्वस्त संस्थांकडून रुग्णालय उभारण्याची अपेक्षा कोणी करणार नाही. परंतु वास्तूत दुपारी रिकामी राहणारी एखादी खोली असतेच. ज्यांच्या घरात आडोसा नाही अशा कोणालाही, जातपात न विचारता, तासभर ती मिळाली आणि तेथून पुण्यातील एखाद्या महाविद्यालयाच्या, देखरेखीखाली शिकणाऱ्या विद्यार्थ्यांशी बोलता आले, तर दोघांचीही सोय होईल. विद्यार्थ्यांना ग्रामीण माणसाचा अनुभव मिळेल. येथील माणसाला लोकल पकडावी लागणार नाही. ज्या दिवशी माणूस फारच खचलेला दिसेल त्या दिवशी त्याच्यासोबत उठून जाईल असा एक प्रौढ, कमी बोलणारा स्वयंसेवक वास्तूत असावा. महाविद्यालयाशी लेखी करार झाल्याशिवाय आरंभ करू नये.

खर्च फारसा नाही. एक संगणक, कानाला लावायचे यंत्र, चांगले इंटरनेट, आणि जुलैत लाईट गेली तरी दोन तास तग धरील अशी बॅटरी. दार वाचनालयाच्या बाजूने असावे, म्हणजे आत जाणारा पुस्तक बदलायला आला की बोलायला, हे रस्त्यावरून कळणार नाही. दाराला आतून कडी हवी. आणि येणाऱ्यांच्या नावाची वही ठेवू नये. देणगीदारांची पाटी लावायची असल्यास ती वाचनालयावर लावावी, या खोलीवर नको.